पप्पांच्या हातची डाळ

मिसिसागा
१२ जानेवारी २०२५, रविवार

देवयानी,

काल तू आईशी बोलत होतीस तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि मी पलीकडे कांदा चिरत होतो. हे तुला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं, तरी तिने स्पीकर बंद केला नाही. ती नक्की कुणाच्या बाजूची आहे ते लग्नाला बत्तीस वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही.

आईने विचारलं, मे महिन्यात ईशानीचं उष्टावण करायचं म्हणतेस, तर पहिला घास पप्पाच भरवतील ना? तुला भाऊ नाही, म्हणजे मामाचा मान आजोबांकडे येतो, आपल्यात तशीच रीत आहे. त्यावर तू म्हणालीस, "आई, त्यांच्या हातचं काही मी तिच्या तोंडात जाऊ देणार नाही. आय डोन्ट ट्रस्ट हिज हँड्स."

साडेतीन वर्षं होत आली, तू माझा फोन घेत नाहीस, ते मी गिळलं. तुझ्या आणि शुभंकरच्या लग्नाला मला येता आलं नाही, वेअरहाउसने रजा दिली नाही, तेही गिळलं. तीन महिन्यांची नात मी फक्त आईच्या फोनमध्ये पाहिली आहे. पण हातांवर बोललीस ते काही गिळवत नाही बघ. या हातांनी तुला भरवलंय.

आणि असं झालं काय होतं? कॅल्गरीला नोकरी लागली म्हणून तुला निरोप द्यायला चार माणसं जेवायला बोलावली. सगळ्यांना मटण, आणि तुझ्यासाठी काजू-खोबऱ्याचा पांढरा रस्सा वेगळा. गडबडीत मटणाचा डाव तुझ्या पातेल्याला लागला. तू दोन वाट्या प्यायलीस, मी गमतीने सांगून टाकलं, लोक हसले. तेव्हाही हेच सांगितलं होतं, आजही हेच सांगतो, डाव लागला. एका डावाची एवढी शिक्षा कोण देतं?

बरं, असू दे. मी ठरवलंय. मेपर्यंत मी तुझ्यासारखं खायला लागणार. मटण नाही, मासे नाहीत, अंडं नाही, काही नाही. मग तरी माझ्या हातांवर विश्वास बसेल ना? मात्र एकदम सोडणार नाही. तुझ्या सूर्यकांतकाकाने सिगारेट एका झटक्यात चार वेळा सोडली आहे. मी वाराने जाणार. सोमवार, गुरुवार, शनिवार मी लहानपणापासून पाळतो, त्या दिवशी घरात मटण शिजत नाही. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस मी तुझ्याच पंगतीत होतो, हे तुझ्या कधी लक्षात आलं का? आता मंगळवार धरतो, गणपतीचा. मग शुक्रवार, अंबाबाईचा. राहिले बुधवार आणि रविवार. त्यांचं बघू.

मला ईशानीच्या तोंडात तो पहिला घास घालायचाय. बाकी मला तुझ्याकडून काही नको.

आई सांगत होती, माझ्यासारखी डाळ तुला अजून जमत नाही. असू दे. नाही जमत काहींना.

पप्पा


३ फेब्रुवारी, सोमवार

देवयानी,

उत्तराची वाट बघत नाही, म्हणून पुन्हा लिहितोय. व्हॉट्सॅपवर तू मला ब्लॉक केलंयस, पण घराच्या पत्रपेटीला ती सोय नाही. तिसरीपर्यंत कोल्हापूरला शिकलीस आणि इथे आल्यावर मी रोज समोर बसवून वाचायला लावलं, ते आता माझ्या उपयोगी पडतंय.

मंगळवार गेला, शुक्रवारही गेला. आज सोमवार. सकाळी साजूक तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर वाटीभर दही. दुपारी ताक. चार वाजता चहा, दोन कप. मग मी ऐटीत आईला म्हटलं, तुझ्या लेकीला कळव, आठवड्यातले पाच दिवस झाले. आई खुर्चीत बसून हसायलाच लागली. म्हणाली, "अहो, सकाळपासून तुमच्या पोटात गेलं ते सगळं गाई-म्हशीचं. तिच्या मते तुम्ही अजून मटणवाल्याच्याच रांगेत उभे आहात."

देवाशप्पथ सांगतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ज्या दिवशी आपण मटण खात नाही, त्या दिवशी दूध-तूप दुप्पट खातो. एकसष्ट वर्षांचा झालो, एवढे वार पाळले आणि कधी लक्षात आलं नाही. आता सगळे वार पहिल्यापासून, दूध-तूप सोडून.

चहाची गोष्ट तुला सांगायलाच पाहिजे. बदामाचं दूध चहात फाटलं. सोयाचं फाटलं नाही, पण तो चहा प्यायल्यावर वाटलं, फाटलं असतं तर बरं झालं असतं. ओट्सचं आणलं, ते चालून जातं, पण चहाची पावडर दीडपट लागते. आता आलं घालून कोराच पितो. वेअरहाउसमध्ये प्रणव म्हणून पुण्याचा पोरगा आहे, तो विचारतो, काका, डॉक्टरने सांगितलंय का? मी म्हटलं, मुलीने सांगितलंय. खरं तर तू काही सांगितलेलं नाहीस.

एक विचारायचं होतं. मास्टर्स करताना उन्हाळ्यात तू त्या कोंबड्यांच्या प्लांटवर काम केलंस. पहिल्याच आठवड्यात घरी आलीस, वॉशरूममध्ये तासभर बसलीस आणि बाहेर येऊन म्हणालीस, मी हे आता खाणार नाही, दूधसुद्धा नाही. मी म्हटलं, चार दिवसांचं फॅड आहे. काय पाहिलंस ते मी विचारलं नाही. आता विचारतो. सांगावंसं वाटलं तर सांग, नाही तर राहू दे.

पप्पा


२७ फेब्रुवारी, गुरुवार

देवयानी,

काल महाशिवरात्र बुधवारी आली, म्हणून बुधवारही धरला. आता माझ्याकडे फक्त रविवार उरलाय आणि त्याला मी जपून वापरतो.

पण लिहायला बसलोय ते वेगळ्यासाठी. गेल्या शनिवारी सूर्यकांतच्या बेसमेंटमध्ये पॉटलक होतं. माझं हे नवीन खूळ आता सगळ्यांना माहीत झालंय, त्यामुळे त्याने माझ्यासाठी मुगाची खिचडी वेगळी केली होती. मला बरं वाटलं. छान झाली होती, मी पुन्हा मागून घेतली. जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता तो म्हणाला, तूप घातलं होतं बरं का, चांगलं तीन चमचे. सांधे धरतात या वयात, आणि तूप काय मांस आहे का? तुझ्या भल्यासाठीच घातलं.

तो हसतही नव्हता. जीव लावूनच बोलत होता. आणि मला एवढा राग आला की मी उठून वॉशरूममध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. मळमळलं वगैरे काही नाही. तूप मला आजही आवडतं. पण तोंड माझं, आणि त्यात काय जाणार ते ठरवलं त्याने. मी ज्याच्या घरी डोळे झाकून जेवतो, त्याने. त्यात गाढवासारखी पुन्हा मागून घेतली होती, त्याची जास्त लाज वाटली.

बाहेर आल्यावर मी सरळ जॅकेट चढवलं आणि निघालो. त्याला कुठल्या तोंडाने बोलणार?

देवयानी, डाव लागला नव्हता. तुझ्या रश्शात काजू आणि खोबरं होतंच, पण पातळ करायला मी पाणी घातलं नाही, अळणी घातलं. मटण उकडल्यावर वर जे पाणी निघतं ते. मोठं पातेलंभर. आपल्याकडे आजाऱ्याला, बाळंतिणीला तेच देतात, माझ्या आईने मला तेच पाजून टायफॉइडमधून उठवलं. तू वाळली होतीस, केस कंगव्यात यायचे. मला वाटलं, औषध आहे, हिला न कळता पोटात जाऊ दे.

आणि मग पंगतीत सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं ते काही औषध नव्हतं. तू घास तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिलीस. तो चेहरा मला शनिवारी सूर्यकांतच्या आरशात दिसला.

चुकलो मी. हे तोंडाने म्हणायला कधी जमलं नाही, म्हणून लिहिलंय.

पप्पा


३१ मार्च, सोमवार

देवयानी बाळ,

कालचा पाडवा रविवारी आला आणि शेवटचा वारही गेला. काजू भिजवून वाटले, नारळाचं दही टांगून ठेवलं, केशर-वेलची घातली आणि श्रीखंड केलं. आईने चाखून "बरं आहे" म्हटलं. तिची "बरं आहे" दोन प्रकारची असतात, हे चांगल्यातलं होतं.

आणि संध्याकाळी तुझा फोन. यावेळी आईने मुद्दाम मला हाक मारून समोर बसवलं. तू म्हणालीस, पप्पांची पत्रं मिळाली. तिसरं दोनदा वाचलं. खरं बोलले तेवढं पुरे आहे, या म्हणावं मेमधल्या व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकएंडला, भरवू देत ईशानीला. मी तिथेच बसलो होतो, माझ्याशी बोलली नाहीस, पण माझ्याबद्दल बोललीस. मी उठून ड्राइव्हवेवर गेलो. बर्फ नव्हतंच, तरी ते उपसायचं शोव्हल घेऊन उभा राहिलो. शेजारच्या बाईने विचारलं, आर यू ओके? मी म्हटलं, व्हेरी ओके.

खिरीचा सराव आजपासून सुरू केलाय. तांदूळ जाडसर वाटून, नारळाच्या दुधात, खजूर घालून. बाळाला साखर नको म्हणतात ना हल्ली? पहिली दोनदा तळाला लागली. मेपर्यंत हात बसेल.

शेवटी तू म्हणालीस, पप्पांना सांग येताना त्यांच्या डाळीची रेसिपी लिहून आणायला, मी शंभर वेळा केली, शुभंकरही करून बघतो, ती चव काही येत नाही. घे, आत्ताच लिहितो. दीड वाटी तूरडाळ, हळद-हिंग घालून शिजवायची. तेलाची फोडणी, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण भरपूर, लाल होईपर्यंत. कांदा-लसूण मसाला एक मोठा चमचा. चिंचेचा कोळ, गुळाचा खडा. मंद गॅसवर वीस मिनिटं उकळू द्यायची. वरून कोथिंबीर.

एवढंच आहे.

पप्पा


२० एप्रिल, रविवार

देवयानी,

आज ईशानीला सहा महिने पुरे झाले. आईने सकाळी फोटो दाखवला, खालचा एक दात आलाय. विमानाची तिकिटं फ्रिजवर लावली आहेत. खीर आता तळाला लागत नाही. सगळं नीट चाललंय, आणि तीन आठवडे मला घास जात नाही.

रेसिपीत एक गोष्ट लिहिली नव्हती.

ती डाळ तुला कधीच जमणार नाही. तू मटण सोडल्यावर अकरा महिने घरी होतीस. दर रविवारी तुझ्यासाठी वेगळी डाळ मी करायचो, आठवतं? त्यात पाणी नसायचं. अळणी असायचं. फडक्यातून दोनदा गाळून, वरची चरबी काढून, दह्याच्या रिकाम्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये मागे ठेवायचो, वर "चिंचेचं पाणी" अशी चिठ्ठी. तू म्हणायचीस, पप्पा, तुमच्या हातची डाळ कसली लागते. आणि मी म्हणायचो, हाताचा गुण आहे.

त्या रात्री पंगतीतून उठताना तू मला एकच विचारलं होतंस, "आणि आधी?" मी म्हटलं, आधी कधीच नाही. तू विश्वास ठेवेनास, तेव्हा तुझ्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. तुझ्या गळ्याची. तू लग्नाला बोलावलंस तेव्हा मला रजा मिळाली होती. पण पंगतीत तू डाळीचा विषय काढशील आणि माझा चेहरा तुला दिसेल, म्हणून आलो नाही.

तब्येतीची काळजी होती हे खरं आहे, पण ते निम्मं खरं आहे. उरलेलं असं की मला जिंकायचं होतं. आपल्या कोल्हापूरच्या घरात मुलीने उठून सांगावं की बापाचं ताट मला नको, हे मला सहन झालं नाही. दर रविवारी तू बोटं चाटून खायचीस आणि मी समोर बसून मनात म्हणायचो, बघ, जेवतेस माझंच. अकरा महिने मी हा आनंद घेतला. याची मला आता शिसारी येते.

हे नसतं लिहिलं तर मे महिन्यात मी तुझ्या घरी आलो असतो, ईशानीला मांडीवर घेऊन घास भरवला असता, तू फोटो काढला असतास, आणि जन्मभर ती डाळ करत राहिली असतीस, हात कुठे चुकतोय ते शोधत. तुझा हात कुठेच चुकत नाही, बाळ. तू करतेस तीच खरी डाळ आहे.

आईला आज सकाळी सांगितलं. तिलाही माहीत नव्हतं. ती बराच वेळ फ्रीजर उघडून उभी राहिली. मग म्हणाली, "हे मी तिला सांगणार नाही. तुमच्याच हाताने लिहा." तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

घास भरवायचा हक्क मी मागत नाही. तू नाही म्हणालीस तर आई एकटी येईल. जे सोडलंय ते मी पुन्हा धरणार नाही, तुझं उत्तर काहीही आलं तरी. सुरुवात तुला वळवायला केली होती, आता तसं राहिलेलं नाही. आपल्या तोंडात काय जातंय ते नीट माहीत असलेलं बरं वाटतं.

पप्पा


११ मे, रविवार

देवयानी,

तीन आठवडे काही आलं नाही. मी आईची बॅग भरून ठेवली, माझी माळ्यावरच होती. आईने त्या दिवसांत तुझ्याशी दोनदा बोलून घेतलं, दोन्ही वेळा बाहेर जाऊन, दार लावून. मला काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

काल पाकीट आलं. तुझं अक्षर अजून तिसरीतलंच आहे, 'झ' उलटा काढतेस. तीन ओळी होत्या. मी त्या इथे पुन्हा लिहितो, म्हणजे मला नीट समजल्या का ते तुला कळेल.

"दोघंही या. ईशानीला आई भरवेल, तुम्ही नाही. तुम्ही मी वाढेन ते जेवायचं, आणि त्यात काय घातलंय ते विचारायचं नाही."

ते वाचून मी पायरीवर बसलो. आईने माझ्या हातातून कागद घेतला, वाचला, आणि आत जाऊन माझी बॅग माळ्यावरून काढली. वीस दिवसांनी तिने मला चहा विचारला. कोरा दिला.

घास माझ्या हातचा नाही, याचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप वाईट वाटलं, रडलोही जरा. पण बरोबर आहे तुझं. आई भरवेल तेव्हा मी समोर बसेन, हात मांडीवर ठेवून. ईशानीने तोंड वेडंवाकडं केलं तर तेवढं हसायला परवानगी असू दे.

खीर तुझी तू कर. मी डबा आणत नाही, मसाला आणत नाही, काहीच करून आणत नाही. तुमच्या दाराशी मी रिकाम्या हातांनी उभा असेन.

शनिवारी दुपारी पोचतो. तू वाढ. मी विचारणार नाही.

पप्पा